गुरू, नग एक

पृथ्वी फुटबॉलएवढी धरली तर गुरू आठ फुटांचा होतो. हे वाक्य मी एका मंगळवारी संध्याकाळी, गडचिरोलीतल्या आमच्या कॉलनीच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत, हातात खडू धरून आणि पूर्ण शुद्धीत उच्चारलं. भूगोलाच्या माणसानं आकडा सांगावा आणि खडू खाली ठेवावा. मी वर म्हणालो, "करून दाखवू का?"

कारण असं होतं की चंद्रपूरला जानेवारीत विज्ञान प्रदर्शन होतं आणि अवकाश विभागातल्या पहिल्या बक्षिसाला दुर्बीण होती. खरीखुरी, तिपाईवरची. ही दुर्बीण आपल्या अभ्यासिकेतल्या मुलांना मिळाली पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. इथे खरं लिहायला हरकत नाही: ती मला हवी होती. तेवीस वर्षं मी गुरू शिकवतोय. त्याचा व्यास तोंडपाठ, वस्तुमान तोंडपाठ, चार मोठे चंद्र नावांसकट तोंडपाठ, पट्टे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवतो. पाहिला मात्र कधीच नाही. ठिपका पाहिलाय, पण ठिपका काय कोणीही पाहतं. एखाद्या माणसाची तेवीस वर्षं वाखाणणी करावी आणि तो समोरून गेला तर ओळखू नये, अशी माझी अवस्था होती.

पहिली शंका माझ्या सासऱ्यांनी काढली. रामाजी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि अजूनही कोणी 'मोठा माणूस' म्हटलं की ते किती गुंठे असं विचारतात.

"जवाईबापू, क्षेत्रफळ किती भरते त्याचं?"

"पृथ्वीच्या एकशे वीस पट, मामाजी."

"अन् त्यातली पोटखराबा, पीक न येनारी, किती?"

"सगळीच."

"सगळीच?"

"तिथे जमीनच नाही. नुसता वायू. खाली जावं तसा तो दाटत जातो आणि मग त्याचा द्रव होतो. पाय टेकायला जागा अशी कुठेच नाही."

रामाजींनी चष्मा काढून पुसला. एवढा मोठा भूखंड आणि आत पाय टेकत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की माझा खडू हातातच राहिला.

"जमीन नाई, त मंग हद्द कुठी कायम केली त्यायनं? व्यास मोजाले दोन टोकं त लागतेत."

हा प्रश्न मला तेवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मी सांगितलं की हवेचा दाब जिथे आपल्या पृथ्वीवरच्या दाबाइतका भरतो तिथे शास्त्रज्ञ एक रेघ मारतात आणि तिलाच पृष्ठभाग म्हणतात.

"म्हणजे अंदाजे मोजनी," रामाजी म्हणाले आणि त्यांनी गुरूला मनातल्या मनात खालच्या दर्जाच्या फाइलींमध्ये टाकला.

दुसरी शंका शेजारच्या गिरजाबाईंची. त्या भाजी निवडता निवडता आल्या होत्या.

"सर, तिथी मानूस राहू शकते का?"

"नाही बाई. श्वास घ्यायला हवा नाही, वारे ताशी पाचशे किलोमीटरचे. शिवाय तिथे आपलं वजन अडीच पट होईल."

"मंग मी त नाई जात. माहे गुडघे इथलंच वजन सहन नाई करून राह्यले. अन् दिवस केवढा रायते?"

"दहा तासांहूनही कमी."

"अगं बाई! मंग स्वैपाक कवा कराचा?"

गुरू वस्तीला अयोग्य आहे, याचा इतका पटणारा पुरावा मी कुठल्याही ग्रंथात वाचलेला नाही.

आठ फुटांचा गोल करायचा तर बांबूचाच, हे उघड होतं. धानोऱ्याच्या रस्त्यावर एका गावात दसरू नावाचे कारागीर राहतात. धान साठवायच्या ढोल्या विणण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नाही. मी त्यांना गोलाचं चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. गोलाच्या बाबतीत त्यानं काही फरक पडत नाही हे लक्षात आल्यावर विचारलं, "तोंड कुठी हाये याचं?"

"तोंड नाही."

"मंग धान कसं टाकाचं?"

"यात धान नाही टाकायचं. हा गुरू ग्रह आहे. यात तेराशे पृथ्व्या मावतात." मी सोबत नेलेला फुटबॉल दाखवला. "अशा तेराशे."

दसरूंनी फुटबॉल हातात घेतला, दाबून पाहिला, अंगणातल्या एका रिकाम्या ढोलीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाई मावत. गोल वस्तूच्या मंधात खाली जागा रायते. संत्री भरून पाहा ना टोपल्यात. तुमचे आठशे मावतीन."

मी घरी येऊन गणित केलं. दसरूंचं बरोबर होतं. तेराशे पृथ्व्या मावतात त्या वितळवून ओतल्या तर. अख्ख्या ठेवल्या तर जेमतेम आठशे. मी तेवीस वर्षं मुलांना पृथ्व्या ओतायला शिकवत होतो आणि हे त्यांना सांगत नव्हतो.

पंधरा दिवसांत गुरू विणून झाला. त्याच्यावरच्या पट्ट्यांसाठी चार साड्या लागल्या, दोन सायीच्या रंगाच्या आणि दोन तपकिरी. माझी बायको संघप्रिया जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिचा विरोध तत्त्वाला नव्हता.

"गुरूला पट्टे आहेत हे मला मान्य आहे," ती म्हणाली, "पण ते माझ्या कपाटातलेच आहेत हे कोणी सिद्ध केलं?"

तरी तिनंच ते शिवले, आणि दक्षिण बाजूला लाल ब्लाउजपीसचा लंबगोल तुकडा लावला. तो गुरूवरचा प्रसिद्ध तांबडा डाग. खरा डाग म्हणजे पृथ्वीपेक्षाही मोठं, किमान दीडशे वर्षं घोंगावणारं वादळ आहे. आमचा डाग फुटबॉलपेक्षा चार बोटं मोठा होता. प्रमाण म्हणजे प्रमाण.

आता गुरू ऐंशी किलोमीटरवर चंद्रपूरला न्यायचा. रविवारी सकाळी अकराला नोंदणी बंद होणार होती. संघप्रिया मुलांना घेऊन पहाटेच्या एसटीनं पुढे जाणार, मी आणि रामाजी पिकअप गाडीतून गुरूसोबत. इथे गिरजाबाईंनी सल्ला दिला: "सर, रस्त्यात जंगल हाये, नाके हायेत. संस्थेचं पत्र ठेवा संग. अन् पत्रात बांबूचं नाव नोका घेऊ. बांबू म्हटलं की परवाना मांगतेत."

सल्ला सोन्यासारखा होता. माझ्या आयुष्यातलं जे जे वाटोळं झालंय ते सोन्यासारख्या सल्ल्यांमुळेच झालंय.

तहसीलसमोर पोचू नावाचे एक जण टायपिंग करतात. वीस वर्षं त्यांनी बैलबाजाराच्या पावत्या, दाखले आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत. मी त्यांना माझ्या अक्षरातला मसुदा दिला. शेवटी गुरूचे आकडे होते, सुरुवात अशी होती: 'आमच्या संस्थेची गुरू ग्रहाची प्रतिकृती चंद्रपूर येथे प्रदर्शनासाठी नेण्यात येत आहे.'

"सर, प्रतिकृती नोका लिहू," पोचू म्हणाले. "प्रतिकृती म्हणजे नकली. नाक्यावर नकली माल म्हनतीन."

हे मला पटलं. ग्रह हा शब्दही त्यांनी काढायला लावला. ग्रह म्हटलं की शनीची आठवण होते आणि लोक कागदाला हात लावत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. हेही मी मान्य केलं. पत्र छापून आलं, त्यावर विहाराच्या सचिवांची सही आणि शिक्का घेतला. माझा चष्मा घरी राहिला होता. निघताना पोचू म्हणाले, "सर, तुमच्या मसुद्यात शुद्धलेखनाच्या दोनचार चुका होत्या. दुरुस्त केल्या." आमच्या कॉलेजात शुद्धलेखनाच्या कार्यशाळा मी घेतो. या वाक्यानं मी इतका दुखावलो की कोणत्या चुका हे विचारणं मला अपमानास्पद वाटलं.

रविवारी सकाळी मूल गाव मागे टाकलं. दोन्ही बाजूंनी जंगल, गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला गुरू आणि त्याच्यावरून आडव्या गेलेल्या दोऱ्या. दोऱ्यांनी तो वरखाली थोडा दबला होता. खरा गुरूही जोरात गरगरत असल्यामुळे ध्रुवांपाशी चपटा असतो. आमचा जरा जास्त शास्त्रीय झाला होता. साडेनऊला एका तपासणी नाक्यावर गाडी थांबवली गेली. नाक्याचं नाव लिहीत नाही, मला त्या रस्त्यानं अजून जायचं असतं.

चैतू नावाच्या शिपायानं पत्र घेतलं आणि एकेक शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं.

"'आमच्या संस्थेची गुरे, नग एक, गडचिरोलीहून चंद्रपूर येथे प्रदर्शनासाठी नेण्यात येत आहेत. सदर गुरे व्यासाने पृथ्वीच्या अकरा पट व वस्तुमानाने तीनशे अठरा पट असून त्यांवर जीवसृष्टी संभवत नाही.'"

पोचूंनी माझा गुरू दुरुस्त केला होता.

"गुरं कुठी हायेत?" चैतूनं विचारलं.

"गुरं नाहीत. गुरू. हा."

चैतूनं गुरूकडे पाहिलं. पत्राकडे पाहिलं. पत्रावर शिक्का होता, गुरूवर नव्हता. त्याचा विश्वास पत्राकडे झुकला. त्यानं लोखंडी सळई आणली आणि साडीतून आत खुपसली. आत काहीतरी गडगडलं.

"आत जनावर हाये!"

"आत पृथ्वी आहे," मी म्हणालो. फुटबॉल हरवू नये म्हणून मी एक काडी सरकवून आत ठेवला होता. एरवी हे वाक्य साधं असतं, पण नाक्यावर, लोखंडी सळईच्या समोर, ते तितकंसं पटत नाही.

"साहेब, आत पृथ्वी असो की म्हैस असो, म्या रजिस्टरात चढवलं: गुरे एक. आता डॉक्टरच्या दाखल्याबगर इथून हलत नाई. अन् कानातला बिल्ला कुठी हाये याचा?"

"याला कान नाहीत."

"कापले?" चैतूनं संशयानं विचारलं.

रामाजी आतापर्यंत गाडीतच बसले होते. ते खाली उतरले आणि चैतूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याचं बरोबर हाये, जवाईबापू. नोंद झाली की खोडता येत नाई. मी तीस वर्सं हेच केलो." सरकारी माणसाचं मन सरकारी माणसालाच कळतं, त्यात जावई वगैरे येत नाही.

रस्त्यापलीकडे पशुवैद्यकीय दवाखाना होता आणि नशिबानं लसीकरणाच्या शिबिरासाठी तो रविवारी उघडा होता. डॉ. करिश्मा मडावी शेळ्यांच्या रांगेतून उठून आल्या. तिशीच्या आतल्या, हातात मोजे, चेहऱ्यावर आज आणखी काय नवीन असा भाव. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दाखल्याचा छापील नमुना काढला, पेन काढलं.

"दाखला द्यावाच लागेल. नाहीतर चैतूचं रजिस्टर अडकेल. सांगा. जात? देशी की संकरित?"

"हायड्रोजन आणि हेलियम."

"संकरित," त्यांनी लिहिलं. "वय?"

"साडेचार अब्ज वर्षं."

"म्हातारं हाये," चैतू म्हणाला.

"ओळखीची खूण?"

"दक्षिण अंगावर तांबडा डाग. वादळ आहे, दीडशे वर्षं तरी चालू."

"जुनी जखम. उपचार नाही." पेन थांबलं. "तापमान?"

"ढगांच्या वरच्या थरात उणे शंभराच्याही खाली. आत हजारो अंश."

"वरून गारठा, आतून ताप. हे लक्षण चांगलं नाही सर. पोटात गॅस?"

"सगळं पोटच आहे. आणि सगळा गॅस."

"आता वजन." त्यांनी वर पाहिलं. "पत्रात पृथ्वीच्या तीनशे अठरा पट लिहिलंय. पण मघाशी तुम्ही म्हणालात की तेराशे पृथ्व्या मावतात. मग वजन तीनशेच कसं?"

इथे मी घसरलो. अकराला नोंदणी बंद होते हे मला माहीत होतं. पुढे दुर्बीण वाट पाहत होती. पण तेवीस वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न मी विचारल्याशिवाय कोणी विचारला नव्हता. मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो. सांगितलं, की गुरूचा माल पृथ्वीसारखा दगड-लोखंडाचा नाही, हलका आहे, म्हणून जागा जास्त अडवतो आणि काट्यावर कमी भरतो.

"कापसाच्या गठानीवानी," चैतू म्हणाला.

"अगदी तसाच. पण गंमत पुढे आहे. समजा, गुरूमध्ये आणखी माल भरला, तर तो किती फुगेल?"

"भरला तेवढा," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही! फारसा फुगतच नाही. वजन वाढलं की आतला माल आणखी दाबला जातो. भरतच राहिलं तर उलट आक्रसायला लागतो. म्हणजे वायूचे ग्रह गुरूपेक्षा कितीतरी जड असू शकतात, पण त्याच्यापेक्षा फार मोठे सहसा होत नाहीत."

शेळ्या घेऊन बसलेली माणसं जवळ सरकली होती. डॉक्टर पेन गालाला लावून बसल्या होत्या. "म्हणजे कितीही चारा घाला, अंगाला लागतच नाही. असं एकही जनावर आमच्याकडे नाही सर." मग त्यांनी वजनाच्या रकान्यात दोन ओळी केल्या. 'पत्रानुसार: एकोणीस आणि पुढे सव्वीस शून्यं किलो. काट्यानुसार: चौसष्ट किलो. तफावतीचे कारण: आतील माल अनुपस्थित.'

शेवटचा रकाना होता: राहण्याची परिस्थिती योग्य आहे काय? त्यावर चर्चा झाली. याच्यावर कोणी राहू शकत नाही, पण हा स्वतः मजेत राहतो, असं मी म्हणालो. डॉक्टरांनी लिहिलं: 'इतरांसाठी अयोग्य. स्वतःसाठी उत्तम. प्रवासास हरकत नाही.' सही केली, शिक्का मारला, वेळ टाकली.

वेळ होती दहा पन्नास.

चंद्रपूरला पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. संघप्रिया मुलांना घेऊन फाटकाशी उभी होती. तिनं घड्याळ पाहिलं, चपटा गुरू पाहिला, स्वतःच्या साडीला पडलेलं सळईचं भोक पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुठे शिकवत बसला होतात?" तेवीस वर्षं मी शिकवतोय, त्यातली सतरा हिनं पाहिली आहेत.

नोंदणी बंद झाली होती. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, उशिराचं लेखी आणि शासकीय कारण असेल तरच. मी तो दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, उठून आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "शासकीय आहे. घ्या."

गुरू दारातून आत जाईना, म्हणून तो अंगणात गाडीवरच ठेवला आणि दाखला त्याला टाचणीनं लावला. तिन्ही परीक्षक बाहेर आले. मी छडी घेऊन तयार होतो. प्रमाण, हद्द, आठशे विरुद्ध तेराशे, सगळं ओठांवर होतं. परीक्षक थेट दाखल्याकडे गेले. एक वाचायचा, दोघे ऐकायचे. 'वरून गारठा, आतून ताप'ला त्यातल्या एक बाई हसून खाली बसल्या. गुरूकडे त्यांनी निघताना एकदा पाहिलं, तेही त्याची तब्येत बघावी तसं.

चारला निकाल लागला. अवकाश विभाग, तृतीय क्रमांक: 'गुरूची प्रतिकृती, किंचित दबलेली'. प्रथम क्रमांक: 'गुरू ग्रहाचा आरोग्य दाखला: आकार, वस्तुमान व वस्तियोग्यता एका पानावर'. सादरकर्त्या, डॉ. करिश्मा मडावी.

मी हरकत घेतली. तो दाखला आमच्याच गुरूचा आहे, असं सांगितलं. परीक्षक फार सभ्यपणे म्हणाले की पेशंट तुमचा असला तरी काम डॉक्टरांचं आहे. खाली सही कोणाची आहे पाहा. रामाजींनी मान डोलावली. मला तृतीय क्रमांकाचं प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ देण्यामागे काही हेतू नसावा.

डॉ. करिश्मांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. "सर, दुर्बीण इथे पोचली आहे, घेऊन जा. मला काय करायची? तुमचीच आहे." बुधवारी मी पिकअप घेऊन गेलो. पण मंगळवारी त्यांच्या दवाखान्यातल्या कारकुनानं दुर्बीण जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवली होती, बैल बांधायचा खोडा आणि शेळ्यांच्या वजनकाट्याच्या मधल्या ओळीत. आता ती दवाखान्याच्या आवाराबाहेर जाऊ शकत नव्हती.

"नोंद झाली ना," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या. "पण आवारात कोणीही येऊ शकतं. जनावर आणलंच पाहिजे असं नाही."

तर आम्ही आलो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, अभ्यासिकेतली मुलं, संघप्रिया, रामाजी, शेवटच्या क्षणी गुडघे विसरून गाडीत चढलेल्या गिरजाबाई आणि मी, असे सगळे दवाखान्याच्या आवारात रांगेत उभे राहिलो. गुरू पूर्वेला झाडांच्या वर आला होता. डॉक्टरांनी पुस्तिका वाचून दुर्बीण लावली होती आणि नळी नेमकी त्याच्यावर धरली होती. मी म्हणालो, आधी मुलं. मोठेपणाचं वाक्य होतं, बोलून गेलो. मुलांमागून नाक्यावरून सुट्टी झालेला चैतू रांगेत घुसला. त्याला अडवणार कोण, पहिल्यांदा पकडलं त्यानंच होतं.

चैतूनं डोळा लावला आणि बराच वेळ हलला नाही.

"काय दिसतंय?" मला राहवेना.

"पट्टे हायेत. दोन. साडीवानी नाई, बारीक हायेत." मग त्याचा आवाज बदलला. ड्यूटीवरचा झाला. "साहेब, रजिस्टरात नग एक लिवला ना आपन?"

"हो. का?"

"चूक हाये. याच्या बाजूले चार वासरं हायेत. एका लायनीत."

मी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. चारच होती. तीन अंगाला लागून, आणि एक जरा दूर चरत होतं.